टपावरचा दिवा

शेडच्या पत्र्याखाली दुपार तापत पडलेली आहे. शैला अँब्युलन्सच्या मागच्या बाकावर टेकते ती फक्त घाम पुसायला. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, पायाशी खोक्यात मागचे नवे दिवे.

ही गाडी तिच्या नवऱ्याची, जालिंदरची. विट्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून त्यानं कितीतरी माणसं हिच्यातून दवाखान्यात पोचवली. बाळंतिणी, साप चावलेले, दम लागलेले म्हातारे. त्याच्या स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी दारातच उभी होती, पण चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. किल्ली मुठीत धरून शैलानं सगळी आळी पालथी घातली. परत आली तोवर संपलं होतं. दिवस-कार्य उरकल्यावर ती आधी जाऊन गाडी चालवायला शिकली.

आता गाडीतलं स्ट्रेचर गेलंय आणि तिथं मिरची-मसाला कुटायचं कांडप यंत्र बसलंय. गावोगाव फिरून पोट भरायचं. उरलेत बाहेरचे दिवे. मागचे तडकलेत, ते बदलायचे. टपावरचा फिरता तांबडा काढल्याशिवाय गाडी आरटीओत पास होणार नाही, पण मोठे दीर विलासदादा म्हणतात, तो राहू दे, जालिंदरची खूण आहे. म्हणून शैला सकाळपासून मागच्याच दिव्यांशी झटतेय आणि टपाकडे मान वर करत नाही.

पापण्या जड होतात. डोकं यंत्राला टेकतं. यंत्र थरथरतंय. बंद यंत्र कसं थरथरेल, असं तिच्या मनात येतं, आणि मग कळतं की गाडी चालू आहे.

मधल्या काचेतून चालकाची पाठ दिसते. निळा शर्ट, मानेवर टॉवेल.

"अहो," ती म्हणते.

"बस खाली. वळण आहे," जालिंदर मागं न बघता म्हणतो.

त्याचा आवाज ऐकून तिला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं. बाहेर उसाचे फड पळतायत. त्या उसांमधून दवाखान्याची बाकं जातात, बाकांवर माणसं आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. मग गाडी तिच्याच स्वयंपाकघरातून जाते. ओट्यावर दूध उतू चाललंय. हात बाहेर काढून गॅस बंद करावा म्हणून ती खिडकी सरकवते, तर खिडकी सरकत नाही. सगळ्यावर एक तांबडा उजेड येतो, जातो, परत येतो. टपावरचा दिवा फिरतोय.

"पेशंट कोण आहे?" ती विचारते.

"कोणी नाही."

"मग कुठं निघालाय?"

"ते मलाही कोणी सांगत नाही. दिवा चालू आहे तोवर थांबता येत नाही, शैला. रस्ता मिळत राहतो. सगळे बाजूला होतात."

तो हे तक्रार म्हणून सांगत नाही, पण त्याचे खांदे किती उतरलेत ते तिला आता दिसतं. ती मागच्या दाराकडे जाते. दाराला आतून कडी नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. ती तो पत्रा चाचपते, मग खांद्यानं धडका देते. बाहेर पुन्हा तेच फड, तीच बाकं, तेच दूध. हवा मिरचीनं भरलीय आणि तिला नीट श्वास घेता येत नाही.

"मला उतरू द्या," ती म्हणते. "नाहीतर तुम्ही उतरा. मी चालवते."

"तुला येते?"

"शिकले. तुम्ही गेल्यावर शिकले."

तो गिअर बदलतो. मग तो म्हणतो, "तू दोनदा म्हणाली होतीस, मला शिकवा म्हणून. मी हसलो होतो."

शैला बाकावर चढते. टपाला आतून मारलेला पत्रा एका कोपऱ्यात सुटलाय. त्याच्या फटीत ती स्क्रू ड्रायव्हर घालते आणि जोर लावते. पत्रा कुरकुरत वाकतो, आत दोन वायरी गरम लागतात, माणसाच्या अंगासारख्या. तिचा हात थांबतो.

"दादा म्हणतात, ही तुमची खूण आहे," ती म्हणते.

"दादाला बसव की मग इथं," जालिंदर म्हणतो. "ओढ."

ती ओढते.

तांबडा उजेड जातो. गाडी हळूहळू मंदावते आणि थांबते. पुढचं दार उघडल्याचा आवाज, मग गाडीला वळसा घालून येणारी पावलं. मागचं दार बाहेरून उघडतं आणि डोळे दिपतील इतकं ऊन आत येतं. त्या उन्हात तो नीट दिसतही नाही. ती हात पुढं करते, पण तो टॉवेल झटकतो आणि बांधाबांधानं चालायला लागतो. कामावरून सुटलेला माणूस चालतो तसा, निवांत.

शैला जागी होते. मागचं दार सताड उघडं आहे. तोंडाला कोरड पडलीय.

ती पाणी पिते आणि कुणाला काही न विचारता टपावर चढते. गंजलेले स्क्रू एकेक करून सोडवते, तांबडा दिवा उतरवून पोत्यावर ठेवते, पाणी शिरू नये म्हणून भोकांत सील भरते. मग मागचे नवे दिवे बसवते.

दिवे लागतात का ते बघायला ती पुढं जाऊन चालकाच्या जागी बसते. ब्रेकवर पाय ठेवायला जाते, तर पाय पोचत नाही. सीट पार मागं, शेवटच्या खाचेपर्यंत सरकलेली आहे, तिच्यापेक्षा हातभर उंच माणसाला लागते तशी. सकाळी तिनंच गाडी शेडमध्ये लावली होती, आणि त्यानंतर या बाजूला कोणी फिरकलेलं नाही.

ती थोडा वेळ तशीच बसते, पाय अधांतरी ठेवून. मग खालचा दांडा धरून सीट पुढं ओढते, आपल्या मापाची करते आणि ब्रेक दाबते. आरशात, शेडच्या मागच्या अंधाऱ्या भिंतीवर, दोन तांबडे चौकोन उमटतात आणि तिथंच स्थिर राहतात.