किसनभाऊ जिथं बसायचे

ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून किसनभाऊंना आम्ही काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर त्यांच्या जाण्याची बातमी आली. घाटघरला भातखाचराच्या बांधावर छातीत कळ आली, जुन्नरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोडी पाठवली... आणि लगेच मनात आलं, यांना काढायला मी लावलं होतं, हे यातल्या कुणाकुणाला आठवत असेल?

नारायणगावात आम्हा छोट्या धंदेवाल्यांचा एक गट आहे. दर गुरुवारी सकाळी सातला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये जमायचं. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा आणि ज्याला उपयोगी पडेल त्याला गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, असा रिवाज. माझा द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना. किसनभाऊ फवारणीचे पंप दुरुस्त करत बागाबागांतून फिरायचे. त्यामुळे कुणाला काय हवंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. पण चिठ्ठी त्यांनी कधी लिहिली नाही. गिऱ्हाइकाला मोटरसायकलवर मागे बसवून ते थेट दारात आणायचे. "कागदावर कसली वळख राव? समोरासमोर च्या तरी पिऊ द्या त्यांना." आणि बोलणी संपेपर्यंत हलायचे नाहीत. माझ्याकडे पिन मारायच्या मशीनशेजारी एक लोखंडी स्टूल आहे. त्यावर टेबलाकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत बसून राहायचे.

सुरुवातीला मला याचं कौतुक होतं. मग ते खुपायला लागलं. काम झाल्यावर हा माणूस थांबतो कशाला? मी काय दर सांगतो, कुणाला किती सूट देतो, याच्याशी पंपवाल्याचं काय काम? एकदा चारचौघांत मी म्हणालोसुद्धा, "भाऊ, माझे दर तुम्हाला तोंडपाठ झाले असतील."

"तुमचे दर काय पंपात भरू व्हय?" ते म्हणाले. सगळे हसले. मला मात्र वाटलं, यांनी उत्तर टाळलं.

त्याच हंगामात पुण्याच्या रस्त्यावरच्या पेठ गावात एकानं खोक्यांचं काम सुरू केलं आणि माझे दोन जुने बागायतदार तिकडे गेले. त्याचा दर माझ्यापेक्षा जेमतेम कमी, जणू माझा समोर ठेवूनच लावलेला. पुण्याहून येताना त्याच्या शेडसमोर मला किसनभाऊंची मोटरसायकल उभी दिसली. मी गाडी थांबवली नाही. पाच मिनिटं थांबलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी गटाच्या अध्यक्षांना गाठलं. म्हणालो, "माणूस फुटलाय. माझे दर पेठला जातात."

"स्वतः बघितलंत?"

"डोळ्यांनी."

बघितली होती ती मोटरसायकल. तेवढीच.

कुणी त्यांना काही बोललं नाही. फक्त त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. ते मात्र येत राहिले. "आज दोघं आणल्यात, खाली च्या पित्यात," असं सांगून बसायचे आणि रिकाम्या हातांनी परत जायचे. एका गुरुवारी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "माझं काय चुकलं का वो? चुकलं आसंल तर तोंडावर सांगा."

"छे हो, हंगामच मंदा आहे," मी म्हणालो.

त्यानंतर ते आले नाहीत. महिनाभरात त्यांचं नाव ग्रुपवरून गेलं.

आमच्याकडे दशक्रियेला माइकवर श्रद्धांजली वाहतात. घाटघरला अध्यक्ष त्यांना गटाचा आधारस्तंभ म्हणाले. मग माझं नाव पुकारलं. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी उठलो होतो. समोर किसनभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, पदर घट्ट धरून बसल्या होत्या... "माणसं जोडणारा माणूस गेला," एवढं बोलून मी खाली बसलो.

निघताना एक जण जवळ आला. "मी पेठचा खोकेवाला. किसनभाऊ मला तुमच्याकडं आणणार व्हते. एक मोठी आर्डर व्हती, माझ्या एकट्याच्यानं व्हणारी न्हवती, तुमच्याच्यानं बी न्हाई. दोघं मिळून करा म्हणून लई मागं लागले. मीच भ्यालो. म्हटलं, तुमी मला दारात तरी उभं कराल का?"

"आणि माझे दर?" त्या जागी हे विचारायला नको होतं. मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "दर तर तुमचे बागायतदारच सांगत्यात. तिकडं एवढ्याला मिळतं, तू काय देतो म्हणून. भाव पाडताना कोण लपवतंय?"

इतकी वर्षं धंद्यात असून हे मला सुचलं नव्हतं. तरीही परतताना गाडीत मन म्हणतच होतं, हा तरी खरं कशावरून बोलतोय? गेलेल्या माणसाचं नाव घेऊन काहीही सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर माझी बायको एका गिऱ्हाइकाशी दराचं बोलत होती. मी जाऊन त्या स्टुलावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मशीन सुरू होतं. बायकोचे ओठ हलताना दिसत होते, पण त्या खटखटीत एक अक्षर कानावर येईना. मशीनवर काम करणाऱ्या सखूबाई माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "तितं नका बसू, कान बधिर व्हत्यात! किसनभाऊच तेवढं बसायचं."

"का बसायचे?"

"मी इचारलं व्हतं. म्हनले, दराचं बोलनं चाललंय, आपन आयकू नये."

मी उठलो नाही. गिऱ्हाईक गेलं तरी तिथंच बसून होतो.

हे छापून येईल तेव्हा गटातले सगळे वाचतील, वहिनीही वाचतील. जिन्यात जे तोंडावर सांगता आलं नाही, माइकवर सांगता आलं नाही, ते हेच. किसनभाऊ, तुमचं काही चुकलं नव्हतं.

काल मी पेठला गेलो आणि त्या खोकेवाल्याला गाडीत बसवून कारखान्यात आणलं. चहा आला. दराचं बोलणं निघणार, तेवढ्यात सखूबाईंनी मशीन बंद करू का, अशी खूण केली. मी रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि हातानंच सांगितलं... नको, चालू राहू द्या.