बिशप न गेलेला कोपरा

आमच्या किल्मोराचं नवं चर्च पाहायला लोक लांबून येतात. टोकदार कमानींच्या खिडक्या, उंच मनोरा, डब्लिनच्या साहेबाने काढलेला नकाशा. मान वर करून बघतात आणि निघून जातात. दफनभूमीच्या भिंतीकडे कोण कशाला बघेल? ती मॅलकी टूहीने बांधली, आणि एका जागी ती वाकडी आहे.

मॅलकी आम्हा गवंड्यांत सगळ्यात तरबेज. वाकडं काम त्याला सहन व्हायचं नाही. पण त्याची एकुलती मुलगी मेलेलीच जन्मली होती. बाप्तिस्मा नाही म्हणून पवित्र जमिनीत जागा नाही. अशा पोराला बापाने एकट्याने शेताच्या कडेला पुरून यायचं, ही आमच्याकडची रीत. रीत कसली, निर्दयपणा. मॅलकीने तिला पुरलं होतं, त्या जागेच्या जरा अलीकडून नव्या दफनभूमीची हद्द जात होती. मॅलकीने पाया खणताना ती जागा आत घेतली.

"भिंतीला पोट का सुटलंय रे?" फादर कॉन्सिडीननी विचारलं.

"खाली खडक लागला, फादर."

आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही खाली मान घालून दगड रचत राहिलो.

भिंतीच्या आतून फिरत बिशप पाणी शिंपडतील, तेवढी जमीन पवित्र होणार होती. बिशप आले, फिरले. त्या कोपऱ्यात गवत गुडघाभर, ओलंचिंब. महाराजांनी झगा उचलला आणि तो कोपरा टाळून आडवे निघून गेले. पायातले जोडे भिजले असते ना! मॅलकी एक पाऊल पुढे सरकला आणि थांबला. कोणासाठी जा म्हणून सांगणार होता?

मी त्याच्याबरोबर घरी गेलो. त्याची बायको सबीना अंथरुणाला खिळलेली.

"तिथवर गेले ना रे?"

"गेले की. चांगलं भरपूर शिंपडलं."

ती हसली. "मग मला तिच्याशेजारीच ठेव."

हिवाळ्यात ती गेली. मॅलकीने तिला तिथेच ठेवलं. नाही म्हणायला तिला कारण काय दिलं असतं? माझा जीव तुटत होता. फादरनी पेटीवर पाणी शिंपडलं आणि ते वळले, तेव्हा मॅलकी हळूच म्हणाला, "फादर, थोडं डावीकडंही टाका."

"तिकडं काय आहे? नुसतं गवत तर आहे."

मॅलकीने टोपी हातात घट्ट धरली.

"हो, फादर. गवतच आहे."