डाव्या हातावरचा संशय

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, डावखुऱ्या माणसाचे डोके केव्हाही फिरू शकते, तरी शेजारी बसणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर बसावे."

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ डाव्या हातातला चमचा उंचावून अशी दवंडी पिटायचे आणि मगच तो सांबारभातात घालायचे. घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. मला ते 'अण्णा' म्हणत आणि दर दुसऱ्या वाक्यात एक कन्नड 'स्वल्प', म्हणजे 'जरा', टाकत.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगत बसली की यांना वाढायला मनाई. डाव्या हाताने वाढलेलं वरण देवाला चालत नाही म्हणे. म्हणून यांच्याकडे पाण्याचा जग. तोही उजव्या हातानेच धरायचा असा हुकूम, त्यामुळे निम्मं पाणी पेल्यात आणि निम्मं पाहुण्याच्या मांडीवर. "डावा माणूस, अण्णा. स्वल्प सांभाळून," म्हणत स्वारी पुढच्या पानाकडे.

तर मंडळी, या थट्टेमागे एक खरं दुखणं होतं. अधूनमधून त्यांना नैराश्य गाठायचं. मग आठवडेच्या आठवडे ते अंथरूण सोडत नसत. गोळ्या चालू होत्या, पण हे आपल्यालाच का, ते कळत नव्हतं. आणि एका सकाळी मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मजकूर वाचनात आला: डावखुरेपणाचा मनाच्या आजारांशी संबंध आहे. लॉटरी लागल्यासारखे खूश झाले. चोर सापडला होता, आणि तोही स्वतःच्याच मनगटाला जोडलेला!

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी चिमुरड्या नातीने खडू उचलला. डाव्या हाताने.

त्या दिवसापासून घरी एकच उद्योग. तिच्या डाव्या मुठीतला खडू काढायचा आणि उजवीत कोंबायचा. ती रडायची, हे कोंबायचे. कँटीनमधली दवंडी बंद झाली.

"माझ्यासारखी होऊ नये, अण्णा," एवढंच म्हणाले. मी त्यांना ओढतच त्यांच्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी कन्नडमध्ये शांतपणे समजावलं. काही आजारांत डावखुरे थोडे जास्त दिसतात, पण का ते अजून नीट उलगडलेलं नाही. हात बघून कुणाचं मन सांगता येत नाही. पुष्कळ डावखुरे मजेत जगतात, तेव्हा पोरीचा खडू पोरीला परत करा.

आता ते सगळे म्हैसूरला राहायला गेलेत. पंगतीतला जग माझ्याकडे आलाय आणि मी जन्माचा उजवा असूनही पाणी सांडतोच. नात फोनवर दिसते ती डाव्या हाताने भिंत रंगवताना.

मला मात्र आठवतात ते त्या दिवशी तपासणीच्या खोलीतून बाहेर पडणारे गृहस्थ. बाहेर नंबराची वाट बघणाऱ्यांची गर्दी, आणि जो तो उजव्या अंगठ्याने मोबाइल सरकवतोय. हे दारातच थबकले. एकेक हात निरखून पाहिला. पुन्हा पाहिला. आणि भर गर्दीत, चांगलं मोठ्याने, तोंडून निसटलं:

"अण्णा, मग हे सगळे उजवे इथे काय करतायत?"