दाराच्या आतलं पोलाद: वाळूज आणि अजिंठ्याचे चार दिवस

"अजिंठा दाखवते, पण एक दिवस माझ्या कारखान्यात यायचं," अशी संगीताची अट होती. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे ती यंत्रांकडे वळली आणि मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. ती वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये साचे तयार करणारी इंजिनिअर आहे. म्हणजे पोलादाचा पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवायचे, त्यासाठी लागणारे साचे. लेण्यांच्या मोहात मी अट मान्य केली. कारखाना एका तासात उरकू, असा माझा हिशोब होता.

नाशिकहून दोन रस्ते आहेत. समृद्धी महामार्गावरून आलात तर माळीवाड्याला उतरा, भुर्रकन पोचाल. मी येवला-वैजापूरचा जुना रस्ता धरला, कारण येवल्यात थांबून पैठण्या नुसत्या बघायलाही मला आवडतात. वैजापूरनंतर मात्र डोळ्यांना हिरवं काही मिळेना. पावसानं सलग काही वर्षं दगा दिलेला. मार्च महिना, विहिरींचे तळ उघडे, आणि शहर जवळ येईल तसे मोठमोठे फलक: नवे फ्लॅट, जलतरण तलाव, चोवीस तास पाणी.

पुंडलिकनगरात संगीताच्या घरी पोचले तर गल्लीत टँकर उभा. तिच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, पदर खोचून नळीचं तोंड धरून उभ्या होत्या.

"आलीस का? पिशवी ठेव तिथं अन् ती घागर घे," त्या म्हणाल्या. "चहा मंग. टँकर थांबत नाय, चहा थांबतो."

तर मंडळी, शहरातलं माझं पहिलं पर्यटन म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत घागरी. संध्याकाळी माईंनी येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचा मसाला; तो घातलेली ही दाट आमटी. मराठवाड्यात कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर हीच मागा.

दुसऱ्या दिवशी वाळूज. रस्त्यात ट्रक, टँकर आणि कामगारांच्या बसगाड्या. सकाळी जाणार असाल तर भरपूर वेळ हाताशी ठेवा.

संगीतानं माझ्या हातात पन्हळीसारखी दुमडलेली एक पट्टी दिली. कारच्या दारात, बाहेरच्या पत्र्याच्या मागे ही आडवी बसवलेली असते. बाजूनं कुणी येऊन धडकलं, तर आत बसलेला माणूस आणि धडकणारी गाडी यांच्यामध्ये हीच.

"एवढी हलकी?" मी विचारलं.

"हलकी म्हणूनच तर. गाडीचं वजन कमी, तेल कमी लागतं. पण वाकली तरी मोडायची नाय."

इतकी ताकद आणायची त्यांची जुनी रीत अशी: पत्रा भट्टीत लालभडक तापवायचा, साच्यात दाबायचा आणि तिथंच झटकन थंड करायचा. त्यासाठी साच्यातून सतत गार पाणी फिरवावं लागतं. तेच पाणी पुन्हापुन्हा वापरतात, पण कूलिंग टॉवरमधून बरंच उडून जातं. दुष्काळात औद्योगिक वसाहतीचं पाणी कमी झालं आणि ही गरम लाईन आठवड्यातले निम्मे दिवस बंद राहू लागली. मालक कुलकर्णी साहेबांनी ती पुण्याच्या बाजूला हलवायचं जवळजवळ ठरवलं होतं. लाईन गेली की तिच्यावरची माणसं एकतर तिकडे जाणार, नाहीतर घरी बसणार.

संगीतानं दुसरा मार्ग पुढे ठेवला होता. आता असं पोलाद मिळतं, ज्याची ताकद पोलाद कारखान्यातच तयार होऊन येते. ते न तापवता, थंडच दाबायचं. भट्टी नको, साच्यात पाणी नको, विजेचीही बचत. फक्त ते हट्टी असतं. दाबलं की स्प्रिंगसारखं थोडं मागे येतं, आणि जास्त दामटलं की चिरतं. मी कारखान्यात गेले तो दिवस नेमका तिच्या चाचणीचा निघाला. गिऱ्हाईक कंपनीला नमुने पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

प्रेसवर रफिकभाई होते, गरम लाईनवरचे जुने ऑपरेटर. "टेन्शन नक्को लेव मॅडम," म्हणत त्यांनी पत्रा सरकवला. पायाखालची जमीन हादरली. पट्टी बाहेर आली आणि मला तर ती झकास वाटली. संगीतानं ती उजेडात धरली. वळणाजवळ केसाएवढी चीर. दुसरी पट्टी चिरली. तिसरीही.

कुलकर्णी साहेब मागे हात बांधून उभे होते. मवाळ आवाजात म्हणाले, "संगीता, आपण प्रयत्न केला. मी पुण्याला कळवतो आता."

"उद्याचा दिवस द्या, सर," ती म्हणाली. "चीर वळणावर पडली नाय. कडेवर सुरू होऊन वळणावर आलीय."

पत्रा कापताना एका कडेला खरबरीत धार राहते. ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला आली की ताणाखाली तिथूनच पत्रा फाटायला लागतो. तिला कापायच्या हत्याराला नवी धार लावायची होती, आणि पत्रा उलटा ठेवून खरबरीत बाजू आत घ्यायची होती. धार लावायला टूलरूमला आख्खा दिवस लागणार होता. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग रफिकभाईंकडे. "एक दिवस," म्हणाले.

म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही अजिंठ्याला निघालो. कारखान्यात बसून ती काय करणार होती? जळगाव रोडवर सिल्लोड लागलं. इथल्या एका जिनिंगमध्ये तिचे वडील कापसाच्या गाठी उचलायचे. आम्ही शेजारच्या हॉटेलात भजी आणि कडक चहा घेतला. तिनं भज्यांना हात लावला नाही. फोन मात्र दर पाच मिनिटांनी उचलून बघत होती.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: लेणी सोमवारी बंद असतात, आणि स्वतःची गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसनं जावं लागतं. प्यायचं पाणी घरूनच न्या. वाघूर नदीचं पात्र पार कोरडं होतं, दगड तापून पांढरे पडलेले. पण लेण्यात पाऊल टाकलं की गारवा अंगाला बिलगतो. अंधाराला डोळे सरावतात आणि भिंतीवरून एकेक चेहरा पुढे येतो. मी तर मान दुखेपर्यंत बघत राहिले.

संगीता एका चैत्यात बुद्धमूर्तीसमोर हात जोडून बसली. मी शेजारी टेकले.

"काही मागितलंस का?" मी हळूच विचारलं.

"आपल्यात मागत नसतात गं. नुसतं बसले." थोडं थांबून ती म्हणाली, "मला पुण्याला बढती देऊन नेतायत. रफिकभाईंना कोण नेणार? त्यांचं वय झालं. अन् माई हे घर सोडून येणार नाय. उद्याही पट्टी चिरली तर साहेबांना तोंडावर हो म्हणायचं, का नाय म्हणायचं, तेच ठरंना."

मी तिचा हात धरून बसले. तेवढ्यात पर्यटकांचा एक मोठा घोळका आला आणि आम्ही उठलो.

परतीच्या वाटेवर शहागंजात नान-खलिया खाल्ला. मटणाचा झणझणीत रस्सा आणि पिवळसर मऊ नान, एक प्लेट दोघींना आरामात पुरते. या वेळी मात्र ती पोटभर जेवली. टूलरूममधून "धार झाली" असा निरोप आला होता.

चौथ्या दिवशी मी निघायच्या आधी पुन्हा वाळूजला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. रफिकभाईंनी पत्रा उलटा ठेवला, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि बटण दाबलं. पट्टी बाहेर आली. संगीतानं ती उजेडात फिरवली, भिंगातून बघितली, मग बोट कडेवरून सावकाश नेलं.

"चीर नाय," ती म्हणाली.

पट्टी मागे किती येईल याचा अंदाज बांधून तिनं साचा मुळातच थोडा जास्त वळवून ठेवला होता. मापाच्या चौकटीत पट्टी नेमकी बसली. मग ती चाचणीच्या यंत्रात गेली. वरून जाडजूड लोखंडी दांडा खाली येत राहिला, पट्टी वाकली, आणखी वाकली, कण्हल्यासारखा आवाज झाला, पण तुटली नाही. पडद्यावरचा आकडा बघून कुलकर्णी साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"रफिकभाई, चाय बोलो सबको," एवढंच म्हणाले. संगीता पाठ फिरवून साचा पुसत राहिली. तो आधीच स्वच्छ होता.

परतीचा रस्ता मी समृद्धीवरून घेतला. शहराबाहेर पडताना नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. प्रेस शॉपमध्ये उरलेले पत्र्याचे तुकडे जालन्याच्या भट्ट्यांत वितळतात आणि त्यांच्या सळया होतात, हे संगीतानं सांगितलं होतं. त्यातल्या काही या पिलरमध्येही असतील.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कसा होता अजिंठा?" मी अर्धा तास पत्र्यावर बोलले. आजही चित्रांतले चेहरे आठवतात, पण त्यांच्यासोबत संगीताचं कडेवरून फिरणारं बोटही आठवतं.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. नमुने पास झाले. सगळं मनासारखं मात्र झालं नाही. एका भागाला अजून गरम रीतच लागते, ते काम पुण्याला गेलं आणि त्याबरोबर दोन-चार पोरंही गेली. दाराची पट्टी वाळूजलाच राहिली. थंड लाईन संगीता बघते आणि रफिकभाई नव्या लोकांना शिकवतात. बढती तिनं तिथं राहूनच मागितली, आणि मिळवली.

"मग आता रस्त्यावर ती गाडी दिसली की सांगशील ना, ही पट्टी माझी म्हणून?" मी विचारलं. "मलाही एकदा दाखव, गाडीत बसवलेली."

"गाडी दाखवीन की," ती हसत म्हणाली. "पट्टी दिसायला नको गं. ती दिसली म्हणजे कुणीतरी येऊन ठोकलं."