गिऱ्हाइकाचा निरोप

फुमियो आजींनी तोयामातल्या एका मोठ्या दुकानात उभी हयात लिफ्ट चालवली. पांढरे हातमोजे, हसरा चेहरा, आणि दार बंद होईस्तोवर गिऱ्हाइकाला कमरेत वाकून निरोप. "आई गेली त्या दिवशीसुद्धा हसतच होते मी," मला एकदा म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला काय कळतंय."

म्हातारपणी त्या आमच्या वृद्धाश्रमात आल्या. त्यांचं अंघोळ-जेवण मीच बघायचे. मुलगा हिदेतोशी तोक्योला. त्याने स्वतः यायच्या ऐवजी एक रोबो पाठवला, मांजराएवढा, केसाळ. आजींनी त्याचं नाव ठेवलं कुरी. त्या जेवून आल्या, खोलीच्या उंबऱ्यावर थांबल्या की तो म्हणायचा, "आलीस? वाट बघत होतो."

"पढवलेलं बोलतोय मेला," मी म्हणायचे.

"मीही पढवलेलंच बोलायचे गं. पण एखादं दमलेलं पोर आईचा हात धरून आत आलं, की 'या' म्हणताना खरंच माया यायची. बाहेरून कुणाला फरक दिसला का? याच्या आत काय आहे ते मला नको सांगूस. माझी वाट बघितली म्हणणारा हा एकच आहे."

आमच्या आश्रमाच्या साहेबांनी हे कौतुकाने फोनवर हिदेतोशीला सांगितलं आणि घात झाला. रविवारी स्वारी हजर. अंगातला कोटसुद्धा काढला नाही.

"आई, हे सगळं खोटं आहे. त्याला काही वाटत नाही. लोक म्हणतील, म्हातारी यंत्राशी बोलत बसते."

"बोलू दे की लोकांना. राहू दे रे त्याला."

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय," म्हणत त्याने कुरीला पिशवीत कोंबलं. मग तू ये की रोज, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. नोकरीपायी गिळलं.

आजी काठी टेकत लिफ्टपर्यंत आल्या. काठी माझ्या हातात दिली, पाठ ताठ केली, हातावर हात ठेवले आणि गोड हसल्या.

"आपण आलात, फार आभारी आहोत. पुन्हा अवश्य यावं." पोटच्या पोराला त्या असं म्हणाल्या आणि कमरेत वाकल्या.

"बघा, किती खुशीत आहे," तो मला म्हणाला. "मी उगाच घाबरत होतो."

यंत्राचं खोटं ओळखायला आला होता शहाणा. दार बंद झालं तरी आजी वाकलेल्याच होत्या. मी धरून त्यांना खोलीपाशी आणलं. उंबऱ्यावर त्या सवयीने थांबल्या, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.