हिरव्या पऱ्हाटीचं पार्सल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. घरचे म्हणतात, हा आत्याचा वारसा. आत्या म्हणते, "माह्याकडं बोट नको दाखवू. तुले वाकडं केलं ते त्या कॉलेजनं." आज मी विद्यापीठात बुरशी शिकवते. अर्धा दिवस सूक्ष्मदर्शकापाशी जातो, अर्धा संगणकावर बुरशीच्या जनुकांची अक्षरं जुळवण्यात. हे सगळं हातचं जायला एक हंगाम पुरला असता.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता कपाशीची, म्हणजे आमच्याकडच्या पऱ्हाटीची, मर. मातीतली एक बुरशी मुळातून आत शिरते, पाणी वर चढायची वाट बंद करते आणि हिरवंगार झाड उभ्या उभ्या माना टाकतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रोगट झाडांतून ती बुरशी वेगळी काढणं, हा माझा पहिला टप्पा. आदल्या हंगामातले नमुने लोडशेडिंगनं नासवले होते. मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं, "या हंगामात नमुने आले नाहीत, तर फेलोशिप दुसऱ्याला द्यावी लागेल." फेलोशिप गेली की मी घरी, आणि घरी गेले की माझं लग्न. घरात स्थळांची चर्चा सुरूच होती.

नेमकी तेव्हाच प्रॅक्टिकल परीक्षेची ड्यूटी लागली आणि मला गावी जाता येईना. मुकुटबनजवळ आत्याचं वावर आहे. तिचा नवरा गेल्यापासून शेती ती एकटीच करते. मी तिला फोन केला. माना टाकलेली झाडं मुळासकट उपट, माती झाडू नको, ओल्या पोत्यात गुंडाळ आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे दे. ती म्हणाली, "हो वं बाई, समजलं."

पार्सल आलं. सरांच्या समोर मी पोतं सोडलं. आत झाडं होती, टवटवीत, बोंडांनी लगडलेली. पानावर डाग औषधालाही नाही. सर म्हणाले, "ही कृषी प्रदर्शनासाठी मागवली का?"

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आत्या, मी तुले मेलेली पऱ्हाटी मांगतली होती."

"ऐकू आलतं मले."

"मंग हिरवी काहून धाडली?"

"अर्धं वावर वाळून राह्यलं. त्यातली हुडकून हुडकून काढली. गाडी चुकू नये म्हणून माहं जेवन बी नाही झालं."

"पण मले रोगटच पाह्यजेत!"

तिचा आवाज चढला. "इथं गाड्या भरभरून लोकं येऊन राह्यले. कोनी पेपरवाले, कोनी साहेब. वाळल्या पऱ्हाटीपाशी मले उभं करतेत अन् फोटो काढतेत. हिरवी दाखवली त नको म्हनतेत. आता तू बी तेच मांगतं? तुह्या कॉलेजात माह्या वावरातलं मेलेलं झाड जानार नाही."

मी फोन ठेवून दिला. इतका संताप आला की रडूच फुटलं. हिला तिच्या वावराची इज्जत सुचतेय आणि इथं माझं सगळं पाण्यात चाललंय!

तोंड धुऊन परत आले तर पोतं तसंच उघडं पडलेलं. ती झाडं मला बघवेनात. आणि मग आत्याचंच वाक्य डोक्यात घोळायला लागलं, अर्धं वावर वाळून राह्यलं, त्यातली. माती तीच, बियाणं तेच. शेजारचं झाड मेलं, मग ही का उभी राहिली? मी सरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "आणलीच आहेत, तर आतून काही बुरशी निघते का बघा."

मी मुळांचे तुकडे केले, वरून औषधानं निर्जंतुक केले आणि बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या खाद्यावर काचेच्या बशीत ठेवले. काही दिवसांनी मुळाच्या आतून एक हिरवट बुरशी बाहेर आली. प्रयोगशाळेत दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेली मरीची जुनी बुरशी वाळवून जपून ठेवलेली होती. दोघींना एकाच बशीत समोरासमोर ठेवलं. मरीची अर्ध्या वाटेतच थांबली, आणि हिरवट तिच्या अंगावर चढत गेली. सरांनी बशी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "विषय थोडा बदलू. फेलोशिप तुमच्याकडेच राहू द्या."

या बुरशीनं जिल्ह्यातली मर संपवली, असं मी म्हणणार नाही. बशीत वाघीण असलेली बुरशी वावरात गेली की तिचे नखरे सुरू होतात. पण काही वावरांत तिनं झाडं तगवली, आणि त्यावरच माझी नोकरी उभी राहिली. पुढे तिची सगळी जनुकं वाचून आम्ही जगाला खुल्या असलेल्या संग्रहात ठेवली. तिथे विचारतात, गाव कोणतं, झाड कोणतं, झाडाची अवस्था काय. मी भरलं आणि सुट्टीत लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेले.

"काय लिवलं वं इंग्रजीत?"

मी वाचून दाखवलं. "आपल्या गावाचं नाव. मंग पऱ्हाटी. मंग झाड तंदुरुस्त."

"हे कोनाले बी दिसते?"

"दुनियेत कोनाले बी."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून म्हणाली, "मंग त्या फोटोवाल्यायले सांग, पाहा म्हना."