पाहणीपुरती वाट

नोकरशाही आणि वर्गसत्ता हा विषय मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवतोय की झोपेतही बडबडेन. एक मत असं, की कचेरी म्हणजे निःपक्षपाती यंत्र. दुसरं म्हणतं, ज्याची जमीन त्याचंच यंत्र. तिसऱ्याचं म्हणणं, खुर्चीवर बसणाऱ्यांचाच एक वेगळा वर्ग होतो. यंदा धाकट्या बहिणीची हळद अडकली आणि ही मतं पुस्तकाबाहेर येऊन मला भेटली.

तिचं शेत डोंगरकड्याच्या अलीकडे. बाहेर यायची गाडीवाट शेजारच्या बड्या जमीनदाराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. गाव त्यांना मालक म्हणतं. मालकांनी ऐन काढणीत वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. खणलेली ओली हळद शेतात ढिगाने पडलेली, ट्रॅक्टर आत जाईना, आणि वेळेत शिजवली नाही तर ती सडणार. तहसीलीचा अर्ज मी लिहिला. इतका झकास, की मीच तो पुन्हा पुन्हा वाचला.

तहसीलीतले सर्कलसाहेब पाहणीला येतील, गाडी मात्र अर्जदाराची, असं कळलं. हे तोंडी, असलं कुणी लिहून देत नाही. मी स्कूटर पुसून, मागच्या सीटवर टॉवेल टाकून कचेरीसमोर उभा राहिलो. साहेबांनी टॉवेल नीट न्याहाळला.

"सर, तुमी व्हा पुढं."

झालो. शेतात बहीण वाट बघत उभी.

"साहेब कुठायत?"

"येऊन राहिले."

आले. मालकांच्या जीपमधून, मालकांच्या शेजारी बसून. मालकांच्या गड्यांनी काट्या ओढून बाजूला केल्या आणि आमच्याच वाटेने जीप थेट हळदीपाशी आली. जीपमधूनच उतरलेल्या तलाठ्याने मोबाईलवर मोकळ्या वाटेचा फोटो घेतला. साहेब सांगू लागले, तो लिहू लागला, "वाट खुली आहे. अडथळा आढळून आला नाही."

"आवो साहेब, आत्ता तुमच्यासाठीच काढल्या की काट्या!" बहीण ओरडली.

"ए बाई, जे दिसतं तेच लिहितो मी."

मी मोबाईलमधले काट्यांचे फोटो पुढे केले. "सर, काट्या काय, कुठल्याबी शेतात असत्यात," साहेब म्हणाले. "तुमी तर शिकलेले."

मी खाकरलो. "मुळात प्रशासन आणि मालकी यांचं नातं…"

"उन्हात कशाला, सर?" मालक हसले. "चला, च्या घेऊ."

जीप गेली. गड्यांनी काट्या परत जागेवर ओढल्या. एक जण मान न वर करता म्हणाला, "ताई, आमाला सांगितलं तसं करून राहिलो."

बहिणीचा संताप पाहून मला काहीतरी बोलावंसं वाटलं. मला येतं तेवढंच बोललो. तिन्ही मतं सांगितली.

"मंजे साहेब त्यांचाच हाय, व्हय?"

"तसं थेट नसतं गं. व्यवस्थेत…"

"काट्या थेट हायेत ना, दादा? मग तुझीच व्यवस्था वाकडी काहून?"

मी म्हणालो, "पुन्हा अर्ज करू."

"कर. तवर हे उचलू लाग."

ट्रॅक्टर पार सडकेवर उभा होता. पलीकडच्या नाल्यातून वळसा घालून, डोक्यावर टोपली घेऊन आम्ही निघालो. माझी टोपली तिच्याहून लहान, तरी धापा माझ्याच जास्त. काही खेपा झाल्यावर मी थांबून मागे पाहिलं. ढीग जसाच्या तसा.

"मागं नको बघू," ती म्हणाली. "मान मोडंल."